एक दार, अनेक बिऱ्हाडे

रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला गेलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती आपली माणसे शोधण्याची. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव. जगदंबादेवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असल्यामुळे बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. यात्रेसाठी महाराष्ट्रातून तर माणसे येतातच, पण तेलंगण, कर्नाटक आणि आंध्रातूनही येतात. कोण कुठे उतरले आहे, हे नवख्याला कळणे कठीण.

काही वर्षांपूर्वी आम्ही तेथील एका शिक्षकमित्राबरोबर या गर्दीत उभे होतो. समोर चौकशीचा मंडप होता. एक वृद्ध गृहस्थ आले आणि आपल्या गावची मंडळी कुठे उतरली आहेत, असे त्यांनी विचारले. मंडपातला मुलगा दोन गोष्टी करू शकला असता. ‘त्या पाण्याच्या टाकीमागे जा’ असे म्हणून बोट दाखवणे ही पहिली. त्याने दुसरी केली. ‘बाबा, तुम्ही इथंच बसा. काय निरोप आहे तो मला सांगा,’ असे म्हणून तो स्वतः गेला आणि थोड्या वेळाने उत्तर घेऊन आला. म्हाताऱ्याला टाकी कुठे आहे हे कळलेच नाही आणि कळण्याची गरजही पडली नाही.

आमचे मित्र हसून म्हणाले, “सर, आपल्या संगणकाच्या दारावर बसवलेला प्रोग्राम हेच करतो ना?”

अगदी हेच करतो. जिल्ह्यातील काही शिक्षकांनी मिळून तेव्हा तीन छोटी संकेतस्थळे चालवली होती. एकावर मुले गावातल्या विहिरींची पाण्याची पातळी नोंदवीत, दुसऱ्यावर पक्ष्यांच्या नोंदी होत्या आणि तिसऱ्यावर शाळांची हस्तलिखिते. तिन्हींसाठी मिळून एकच जुना संगणक होता आणि बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला इंटरनेटचा पत्ताही एकच. संगणकाच्या आत तीन ‘आभासी यंत्रे’ आणि दारात त्या मुलासारखा निरोप्या, अशी ती रचना होती. या निरोप्याला ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ म्हणतात. ही रचना आज जगभर, सरकारी संकेतस्थळांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र आहे. पण ती कोणी एका दिवशी शोधून काढलेली नाही. निरनिराळ्या टंचायांवर निरनिराळ्या लोकांनी काढलेले उपाय एकत्र येऊन ती घडली. तिचा हा इतिहास.

मोठा वाडा आणि भाडेकरू

पहिली टंचाई संगणकांचीच होती. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला, तेव्हा देशातील अनेक संस्थांचे संशोधक आपली गणिते भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवून तेथे आणत. कार्डांचा गठ्ठा द्यायचा, पाळी येईपर्यंत थांबायचे आणि उत्तराचा कागद घेऊन परतायचे. एखाद्या कार्डावर एक चूक निघाली की पुन्हा रांगेत. यंत्र महाग आणि माणसे पुष्कळ, असा तो काळ होता. जगात सर्वत्र थोड्याफार फरकाने हीच स्थिती होती.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयबीएमचे एक छोटे संशोधन केंद्र होते. तेथे १९६४ मध्ये रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने एका वेगळ्या विचारावर काम सुरू केले. अनेकांनी एक संगणक वाटून घ्यायचा, ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. या गटाचे म्हणणे असे, की प्रत्येकाला संगणकाचा थोडा वेळ देण्याऐवजी प्रत्येकाला एक अख्खा संगणकच द्यावा. फक्त तो खरा नसावा. जानेवारी १९६७ पर्यंत त्यांची सीपी-४० ही प्रणाली रोजच्या वापरात आली. एका यंत्रावर एकाच वेळी चौदा ‘संगणक’ चालू शकत. त्या प्रत्येकाला आपली स्वतंत्र स्मृती आहे, आपल्या चकत्या आहेत, आपणच या यंत्राचे मालक आहोत, असे वाटे.

जुन्या पुण्यातला किंवा अमरावतीतला वाडा डोळ्यांपुढे आणा. चार बिऱ्हाडे राहतात. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळे. एकाच्या घरी भांडण झाले तर दुसऱ्याच्या ताटातले अन्न सांडत नाही. पण पाण्याची मुख्य तोटी, विजेचा मीटर आणि जिन्याची चावी मालकाकडे असते. आभासी यंत्रांच्या वाड्यातही असा मालक लागतो. ते काम करणाऱ्या प्रोग्रामला ‘हायपरव्हायजर’ असे नाव पडले.

मालकाचे काम नेमके काय, हे १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका निबंधात काटेकोरपणे मांडले. संगणकाच्या प्रक्रियकाला कळणाऱ्या आज्ञांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. दोन संख्यांची बेरीज करा, ही आज्ञा भाडेकरूने परस्पर पार पाडली तर बिघडत नाही. पण काही आज्ञा वाड्याच्या मुख्य तोटीला हात घालणाऱ्या असतात. अशी प्रत्येक आज्ञा येताच प्रक्रियकाने आपण होऊन थांबले पाहिजे आणि कारभार मालकाच्या हाती दिला पाहिजे. तसे होत असेल, तर त्या यंत्रावर आभासी यंत्रे सुरक्षितपणे बांधता येतात.

त्यानंतर गंमत झाली. १९८० च्या दशकात छोटे संगणक स्वस्त झाले आणि ज्याने त्याने आपले स्वतंत्र घर बांधले. वाडे ओस पडले. मोठ्या यंत्रांची दालने सोडली तर आभासी यंत्रांची आठवण कोणाला राहिली नाही. ज्या इंटेल घराण्याच्या प्रक्रियकांवर आपले घरगुती संगणक उभे राहिले, त्यांच्या रचनाकारांनी पोपेक-गोल्डबर्ग अट पाळलीच नव्हती. २००० साली झालेल्या एका तपासणीत पेंटियम प्रक्रियकात अशा सतरा आज्ञा सापडल्या, की ज्या तोटीला हात घालतात, पण मालकाला हाक मारीत नाहीत.

तरीही वाडे परत आले. कार्यालयांत आणि विद्यापीठांत दहा कामांसाठी दहा संगणक घेतलेले असत आणि त्यांतले बहुतेक दिवसाचा बराच वेळ नुसते बसून वीज खात. १९९८ साली मेंडेल रोझेनब्लम, डायन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएमवेअर ही कंपनी काढली. अडचणीच्या आज्ञा चालण्यापूर्वीच हेरून त्या बदलून टाकायच्या, अशी त्यांची युक्ती होती. १९९९ मध्ये त्यांचे पहिले उत्पादन आले. २००३ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून झेन आले. २००५-०६ मध्ये प्रक्रियक बनवणाऱ्यांनीच आपल्या यंत्रांत या कामासाठी सोय केली आणि २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायजर लिनक्समध्ये सामावला गेला. त्यामुळे वाशीमसारख्या ठिकाणी एखाद्या शिक्षकालाही जुन्या संगणकावर, एक पैसा न देता, तीन-चार बिऱ्हाडे वसवता येऊ लागली.

बिऱ्हाडे वसली, पण वाड्याला रस्त्याकडे उघडणारे दार एकच होते.

पत्रावर नाव नव्हते

दुसरी टंचाई पत्त्यांची. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा, म्हणून एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. ही पद्धत ठरली तेव्हा ही संख्या अफाट वाटली होती. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून झाले आणि आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला संपुष्टात आला.

पण टंचाईची चाहूल त्याच्या खूप आधी लागली होती, आणि तिला जागतिक जाळ्याची सुरुवातीची रचनाही कारण होती. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत पाने मागवण्याची जी पहिली भाषा ठरवली, तीत मागणी अगदी एका ओळीची होती: ‘अमुक पान दे.’ कोणाच्या संकेतस्थळाचे पान, हे त्यात लिहिलेले नसे. लिहायची गरजच वाटली नव्हती. एका पत्त्यावर एकच संकेतस्थळ, हे गृहीत होते. वाड्याच्या पत्त्यावर पत्र आले आहे, पण पाकिटावर कोणा बिऱ्हाडाचे नाव नाही, असा हा प्रकार. त्यामुळे एका यंत्रावर दहा संकेतस्थळे ठेवायची तर त्याला दहा पत्ते घ्यावे लागत.

उपाय एका ओळीचा निघाला. मागणीबरोबर ‘होस्ट’ नावाची एक ओळ लिहायची आणि तीत संकेतस्थळाचे नाव द्यायचे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीत ही ओळ सक्तीची झाली. ज्या मागणीत ती नसेल, ती मागणी सदोष म्हणून परत पाठवावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आमच्या मते जाळ्याच्या इतिहासातली ही अतिशय महत्त्वाची ओळ आहे. ती नसती तर पत्त्यांचा साठा कितीतरी आधी संपला असता आणि आपल्या शिक्षकांच्या तीन संकेतस्थळांना तीन सार्वजनिक पत्ते विकत घ्यावे लागले असते.

या ओळीमुळे दारातल्या निरोप्याला काम करता येते. त्याच्याजवळ एक साधी यादी असते. आमची यादी अशी होती:

विहिरींच्या नोंदी — १९२.१६८.१.११
पक्ष्यांच्या नोंदी — १९२.१६८.१.१२
शाळांची हस्तलिखिते — १९२.१६८.१.१३

उजवीकडचे पत्ते घरातले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले आहेत. ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेरच्या रस्त्यावर त्यांना अर्थ नाही. वाड्यातल्या ‘माडीवरची खोली’ या पत्त्यासारखेच ते आहेत. निरोप्या पाकिटावरचे नाव वाचतो, यादी पाहतो, त्या खोलीत जातो, उत्तर आणतो आणि दारातूनच देतो.

हजेरीतली प्रॉक्सी उलटी कशी झाली

‘प्रॉक्सी’ हा शब्द आम्हा मास्तरमंडळींना नवा नाही. वर्गात नसलेल्या मित्राच्या नावाने जो ‘हजर’ म्हणतो, तो प्रॉक्सी. जाळ्यावरची पहिली प्रॉक्सी अशीच, मागणाऱ्याच्या वतीने बोलणारी होती. संस्थेच्या आतले संगणक सुरक्षेसाठी बाहेर थेट जोडलेले नसत. कुंपणावरचे एक यंत्र सर्वांच्या वतीने बाहेर जाऊन पाने आणी. मे १९९४ मध्ये सर्न येथे भरलेल्या जागतिक जाळ्याच्या पहिल्या परिषदेत आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी या विषयावर निबंध वाचला. त्यांनी तेव्हाच एक फायदा सांगितला होता. एकदा आणलेले पान प्रॉक्सीने स्वतःजवळ जपून ठेवले, तर दुसऱ्याने तेच मागितल्यावर पुन्हा बाहेर जावे लागत नाही.

भारतात या फायद्याचे मोल फार होते. १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट या शैक्षणिक जाळ्यात मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि तेव्हाच्या पाच आयआयटी होत्या. १९८९ मध्ये परदेशाशी जोडणारी जी वाहिनी मिळाली तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाही अनेकांजवळ फक्त अक्षरे दाखवणारे ‘शेल खाते’ होते. त्या खात्यातला माणूस खरे तर निगमाच्या संगणकावरच बसलेला असे. घरी असे फक्त त्याचा कळफलक आणि पडदा. बारीक नळातून सर्वांना पाणी द्यायचे तर टाकी हवीच. १९९६ मध्ये आलेला स्क्विड हा मोफत प्रोग्राम अशी टाकी बनला आणि आपल्या अनेक महाविद्यालयांनी तो बसवला.

मग कोणाच्या तरी लक्षात आले, की हीच टाकी उलट बाजूलाही लावता येईल. मागणाऱ्यांच्या दाराऐवजी देणाऱ्याच्या दारात. एखादे पान हजार माणसे मागत असतील, तर दारातल्या यंत्राने ते जपून ठेवावे आणि आतल्या यंत्राला एकदाच त्रास द्यावा. स्क्विडमध्ये या वापराला सुरुवातीला ‘प्रवेगक’ अशा अर्थाचे नाव होते. पुढे ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ हे नाव रुळले. दिशा उलटी, म्हणून नाव उलटे. पहिल्या प्रॉक्सीमुळे मागणारा कोण हे देणाऱ्याला कळत नाही; उलट्या प्रॉक्सीमुळे देणारा आत कुठे आहे हे मागणाऱ्याला कळत नाही.

आज तुम्ही मराठी विकिपीडियाचे एखादे पान उघडता तेव्हा हेच घडते. विकिपीडियाची मूळ यंत्रे अमेरिकेत आहेत. पण २०१८ पासून तिचे एक दार सिंगापूरला आहे आणि भारतातली मागणी सहसा तेथेच जाते. ते पान दाराजवळ जपलेले असेल, तर अमेरिकेला जावेच लागत नाही.

आणखी एक अडचण याच दाराने सोडवली. जुन्या पद्धतीच्या सर्व्हर प्रोग्राममध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक स्वतंत्र माणूस नेमल्यासारखी व्यवस्था असे. गिऱ्हाईक मंद टेलिफोन वाहिनीवर असेल, तर तयार उत्तर थेंबथेंब घेत बसे आणि तोवर तो माणूस अडकून पडे. म्हणजे खेड्यातला वाचक सर्व्हरला शहरातल्या वाचकापेक्षा महाग पडत होता. एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइके कशी सांभाळावीत, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला. रशियातील इगोर सिसोएव यांनी २००२ मध्ये लिहायला घेतलेला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये खुला केलेला एन्जिन-एक्स हा त्याच्या गाजलेल्या उत्तरांपैकी एक. त्यात एकच माणूस अनेक टेबले पाहतो. कोणाजवळ उभा राहत नाही. ज्या टेबलावरून हाक येईल तिकडे वळतो. आतल्या यंत्राचे उत्तर तो चटकन उचलून ठेवतो, आतला कामगार मोकळा होतो आणि मंद गिऱ्हाइकाला सावकाश वाढण्याचे काम दार करते. आमच्या वाड्याच्या दारात हाच प्रोग्राम होता.

बंद पाकीट

पाकिटावरचे नाव वाचून निरोप्या काम करतो, हे खरे. पण पाकीट आणखी एका बंद पाकिटात घातले तर? संकेतशब्द आणि पैशांचे व्यवहार जाळ्यावर आले तसे संदेश कूटबद्ध करणे गरजेचे झाले. आता पेच असा, की कूटबद्ध संवाद सुरू करण्यासाठी दाराने आधी आपले ओळखपत्र दाखवले पाहिजे. पण कोणत्या संकेतस्थळाचे ओळखपत्र दाखवायचे, हे कळायला पाकीट उघडले पाहिजे! १९९७ च्या त्या ओळीने वाचवलेले पत्ते येथे पुन्हा खर्च होऊ लागले.

जून २००३ मध्ये त्यावर तोड निघाली: भेटणाऱ्याने पहिल्याच नमस्काराला नाव सांगायचे. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ही रीत कधीच आली नाही आणि तो वापरात होता तोवर अनेकांना ती अमलात आणता येईना. दुसरा अडथळा पैशांचा होता. ओळखपत्रे विकत घ्यावी लागत. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने ती सर्वांना मोफत देण्यास सुरुवात केली. मग एका दारात पन्नास संकेतस्थळांची ओळखपत्रे ठेवणेही सोपे झाले.

येथे एक गोष्ट शिक्षकमित्रांनी नीट समजून घ्यावी. संकेतस्थळाच्या नावाशेजारी कुलूप दिसले, म्हणजे आपला संदेश कूटबद्ध आहे, हे बरोबर. पण तो कोठपर्यंत? बहुतेक वेळा दारापर्यंत. दार पाकीट उघडते, वाचते आणि मग आत देते. दार आपल्याच वाड्याचे असेल तर प्रश्न नाही. दार दुसऱ्याकडून भाड्याने घेतले असेल, तर आपली पत्रे तो उघडू शकतो, हे जाणूनच घेतले पाहिजे.

आमची चूक

आता आमच्या फजितीची हकिगत सांगतो. ती घडली एका उन्हाळ्याच्या अखेरीस. पावसाळ्यापूर्वी विहिरींचे पाणी सर्वांत खाली जाते तेव्हाची नोंद वर्षाच्या अभ्यासात फार मोलाची. सुट्टी असूनही मुलांनी ठरलेल्या सकाळी दोर सोडून आपापल्या विहिरी मोजल्या आणि नोंदी पाठवायला घेतल्या. तासाभरात विहिरींचे संकेतस्थळ सर्वांसाठी बंद झाले. पक्षी आणि हस्तलिखिते मात्र सुरळीत चालू.

कारण शोधायला आम्हांला दिवस गेला. विहिरींच्या यंत्रावर आम्हीच एक पहारेकरी नेमला होता. एकाच पत्त्यावरून संकेतशब्द वारंवार चुकू लागला, की तो पत्ता बंद करायचा, असे त्याला सांगितले होते. पण मधे निरोप्या उभा आहे, हे आम्ही विसरलो होतो. आतल्या यंत्राला प्रत्येक मागणी निरोप्याच्याच पत्त्यावरून आलेली दिसत होती. वीस गावांतल्या वीस मुलांनी एकेकदा संकेतशब्द चुकवला, आणि पहारेकऱ्याला वाटले की एकच लबाड वीसदा चुकतो आहे. त्याने निरोप्यालाच कोंडले.

या अडचणीवर स्क्विडच्या कर्त्यांनी जुन्या काळीच उपाय काढून ठेवला होता. निरोप्याने आत जाताना चिठ्ठी जोडायची: ‘मूळ मागणी अमुक पत्त्यावरून आली.’ या चिठ्ठीचे नाव ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’. आम्ही ती जोडत नव्हतो. दुसऱ्या दिवशी जोडली, आणि त्याबरोबर दोन नियमही घातले. चिठ्ठी निरोप्याच्या हातून आली तरच आतल्या यंत्राने मानावी. आणि बाहेरून कोणी आधीच खोटी चिठ्ठी लिहून आणली असेल, तर निरोप्याने ती फाडून स्वतःची लिहावी. दुसरा नियम विसरला तर कोणीही दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावू शकतो. म्हणजे पुन्हा वर्गातली प्रॉक्सी!

संकेतस्थळ सुरू झाले. ज्या मुलांनी वहीत आकडा लिहिला होता, त्यांच्या नोंदी मागाहून घेता आल्या. ज्यांनी तो थेट पडद्यावरच लिहिला होता, त्यांच्या गेल्या. त्यांनी पुन्हा विहीर मोजली, पण ती दुसऱ्या दिवसाची झाली. त्या सकाळचे पाणी आता कोणालाच मोजता येणार नव्हते. एका मुलीने आम्हांला विचारले, “सर, मग मी मोजलं ते खोटं झालं का?” तिला उत्तर देताना आम्ही ओशाळलो. तेव्हापासून आमचा पहिला नियम संगणकाचा नाही: आधी वहीत लिहा.

दारच पडले तर

आमचे दार एका जुन्या संगणकापुरते होते. पण मोठमोठ्या संकेतस्थळांनी आपली दारे आता काही थोड्या कंपन्यांकडे सोपवली आहेत. ८ जून २०२१ रोजी फास्टली या अशा कंपनीच्या एका ग्राहकाने आपल्या मांडणीत एक वैध बदल केला. त्यामुळे प्रोग्राममध्ये दडलेला दोष जागा झाला आणि कंपनीच्या जाळ्याचा सुमारे ८५ टक्के भाग चुकीची उत्तरे देऊ लागला. ब्रिटिश सरकारचे संकेतस्थळ आणि अनेक वर्तमानपत्रे एकदम दिसेनाशी झाली. ४९ मिनिटांत बहुतेक जाळे सावरले. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्या दारात असेच घडले. नको त्या यांत्रिक पाहुण्यांना ओळखण्यासाठी बनणारी एक यादी ठरल्यापेक्षा मोठी झाली, ती वाचणारा प्रोग्राम कोसळला आणि जगभरची असंख्य संकेतस्थळे काही तास बंद पडली. दोन्ही वेळा आतली बिऱ्हाडे धडधाकट होती. चुली पेटलेल्या होत्या. फक्त रस्त्यावरचे दार उघडत नव्हते.

म्हणून दार एकच नसावे, असे म्हणणे सोपे आहे. पण छोट्या गावाला, छोट्या कार्यालयाला सामाईक दाराचा फायदाही मोठा. आपल्या देशातील जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेल्या सामाईक व्यवस्थेवर आली आहेत, वाशीमचेही तसेच. सुरक्षित, विस्तारक्षम आणि सुगम अशी तीन विशेषणे त्या व्यवस्थेच्या नावातच आहेत. प्रत्येक जिल्ह्याने आपला संगणक, आपला पहारेकरी आणि आपली डागडुजी करायची म्हटली असती, तर पोहरादेवीची माहिती शोधणाऱ्याला ती कितपत मिळाली असती, कोण जाणे. टंचाईत वाटून घेणे हा शहाणपणाच आहे. फक्त वाटून घेताना दाराची चावी कोणाकडे आहे, दुसरी चावी कोठे आहे आणि दार पडल्यास आतल्या गोष्टी कशा मिळवायच्या, हे वाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. आमच्या वाड्याची यादी आणि चाव्या त्या दिवशी एकट्या आमच्याजवळ होत्या. ही त्या चिठ्ठीपेक्षा मोठी चूक होती. आता ती यादी कागदावर लिहून तीन शाळांच्या कपाटांत ठेवली आहे.

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या वर्गात हा खेळ खेळता येतो. चार मुलांना वर्गाच्या मागे चार विषयांची उत्तरे देऊन बसवा. एकाला दारात उभे करा. बाकीच्यांनी आधी फक्त ‘पहिले पान द्या’ असे चिठ्ठीवर लिहावे. दारातला मुलगा गोंधळेल. तो १९९७ पूर्वीचा गोंधळ. मग चिठ्ठीवर विषयाचे नाव लिहू द्या. नंतर दारातल्या मुलाला एकदा आणलेले उत्तर वहीत उतरवून ठेवायला सांगा आणि त्याच्या फेऱ्या किती कमी होतात ते मोजा. शेवटी मागच्या एका मुलाला गुपचूप उठून जायला सांगा. दारातल्या मुलाने काय सांगावे, यावर वर्गात चर्चा होऊ द्या.

पडद्यावर कधी ‘४०४’ असा आकडा येतो, कधी ‘५०२’. ४०४ म्हणजे बहुधा आतून आलेले उत्तर: खोली आहे, पण मागितलेली वस्तू नाही. ५०२ हे दारातल्या निरोप्याचे बोलणे: मी खोलीपर्यंत गेलो, पण धड उत्तर मिळाले नाही. आणि ५०४ म्हणजे, हाक मारली, पुष्कळ वाट पाहिली, कोणी बोलले नाही. मुलांना हा फरक कळला, की ‘नेट बंद आहे’ एवढ्यावर ती थांबत नाहीत. काय बंद आहे, असे विचारू लागतात.

त्या विहिरीच्या मुलीने पुढच्या वर्षी आकडा आधी वहीत लिहिला आणि मग पाठवला. पाठवल्यावर तिने आम्हांला विचारले, “पोचला का? दारात की आत?” आम्ही आत जाऊन पाहिले आणि मगच तिला उत्तर दिले.